शेवटच्या पायाचा रंग: एका रीबॉर्न बाळाचं पूर्ण प्रकरण

ऑर्डर नेमकी काय होती ते आधी सांगते, कारण पुढचा बराचसा वैताग त्या ऑर्डरमधूनच आला. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी घरातल्या सुनेला तिच्या सासूबाईंसाठी रीबॉर्न बाहुली करून हवी होती. रीबॉर्न म्हणजे ते व्हिनाइलचं, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचं, खऱ्या तान्ह्या बाळासारखं दिसणारं, उचललं की मान कलंडणारं बाळ, फोटोत बघून माणूस हमखास फसतो असं. आजींना डिमेन्शिया आहे, आणि त्या दुपारभर सोफ्यावरची उशी मांडीवर घेऊन थोपटत बसतात, कोणी उशी उचलली की कावऱ्याबावऱ्या होतात, तर सुनेच्या डोक्यात आलं की उशीच्या जागी बाळच का नको.

माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणते, तिकडेच राहते आणि गेली काही वर्षं घरातल्या एका खोलीत ही बाळं रंगवून विकते. हे बाळ घडत होतं तेव्हा मी तिच्याकडेच मुक्कामाला होते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघितलंय आणि थोडंफार हाताने पण केलंय, म्हणजे धुणं, पुसणं, ओव्हनचा टायमर सांभाळणं, इतपतच. लोक ताईला नेहमी विचारतात की असं रंगवायला शिकायला किती वेळ लागतो. माझं मत विचाराल तर रंगवणं यातलं अवघड काम नाहीच, तीच कृती पंचविसाव्यांदा करताना हात पहिल्या वेळेसारखाच पडणं हे अवघड आहे, आणि या ऑर्डरमध्ये ते अगदी उघडं पडलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुनेच्या अटी तीन होत्या. एक, बाळ आपल्यातलं दिसायला हवं, गुलाबी गोरं नको. दोन, डोक्यावर भरपूर काळंभोर जावळ हवं, कारण त्यांच्या घरातली सगळी मुलं तशीच जन्मली. तीन, आजींच्या छातीत पेसमेकर आहे. आता हा तिसरा मुद्दा सुनेने अट म्हणून सांगितलाच नव्हता, बोलता बोलता निघाला, आणि ताईचे कान टवकारले, कारण बहुतेक रीबॉर्न बाळांच्या ओठांच्या आत चोखणी चिकटावी म्हणून मॅग्नेट बसवलेला असतो, कधी डोक्यातही असतो, रिबिनीसाठी. बाळ छातीशी धरायचं आणि छातीत पेसमेकर, म्हणजे मॅग्नेट तिथेच बाद. ताई आता ऑर्डर घेताना हे सगळ्यांनाच विचारते.

रंगाच्या अटीवरून मध्येच एका नणंदेचा फोन आला, "थोडं उजळच करा हो, बाहुलीच तर आहे." सुनेने ते तिथल्या तिथे कापलं. बरं केलं.

डिमेन्शियाच्या माणसाला बाहुली द्यावी की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. काहींना ती जवळ घेऊन खरंच शांत वाटतं, काही केअर होममध्ये देतातही, आणि हे म्हणजे मोठ्या माणसाला लहान मुलासारखं वागवणं झालं असं म्हणणारेही आहेत. ताईचं म्हणणं सरळ आहे, बाहुली हातात कोंबायची नाही, दिसेल अशी ठेवायची, घेतली तर घेतली. डोळे उघडे की मिटलेले यावर पण घरात चर्चा झाली आणि झोपलेलं बाळ ठरलं. ताईला आतून बरंच वाटलं असणार, कारण उघडे डोळे म्हणजे काचेचे डोळे बसवा, ते एका रेषेत आणा, पापण्यांचे केस वेगळे लावा, ती एक निराळीच साडेसाती.

बाळ ज्या सुट्या भागांच्या संचातून बनतं त्या किटबद्दल थोडक्यात. हा छंद १९९० च्या दशकात अमेरिकेत वाढला, तेव्हा लोक दुकानातल्या तयार बाहुल्या घ्यायचे, स्पेनच्या बेरेंगेर कंपनीच्या वगैरे, त्यांचा रंग उतरवायचे आणि परत नव्याने रंगवायचे. आता कोरी किट मिळतात. शिल्पकार बाळ घडवतो, त्याच्या साच्यातून व्हिनाइलचं डोकं, दोन हात, दोन पाय निघतात, आणि धड कापडाचं शिवलेलं येतं. पार्ट्स हातात घेतले की कोंबडीच्या दुकानात आल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. रंग सगळा एकसारखा फिकट पीच, चेहऱ्यावर सुरकुत्या, ओठांच्या घड्या, तळपायाच्या रेषा सगळं कोरलेलं, पण जीव नाही.

पहिलं काम धुण्याचं. साच्यातून पार्ट सुटावा म्हणून जे तेलकट काहीतरी लावलेलं असतं ते भांड्यांच्या साबणाने आणि मऊ टूथब्रशने घालवायचं, बोटांच्या बेचक्यांतून, कानांच्या मागून, मानेच्या वळ्यांतून, कारण तेल राहिलं की तिथे रंग धरत नाही आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मग आतून बाहेरून पूर्ण वाळवायचं. साच्याच्या जोडाची रेघ कुठे उठून दिसत असेल तर ती घासून काढायची. हे काम मला जमलं.

आणि मग रंग. ताई जेनेसिस नावाच्या ब्रँडचे हीट-सेट ऑइल रंग वापरते, यातली बरीच मंडळी तेच वापरतात. या रंगाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. हा रंग आपोआप वाळत नाही. प्लेटमध्ये तसाच ओला राहतो, बाळावर पण ओलाच राहतो, १३० सेल्सिअसच्या आसपास आठेक मिनिटं भाजला की मग पक्का होतो. याचा फायदा असा की भाजायच्या आधी काहीही चुकलं तरी थिनर लावून पुसून टाकता येतं, आणि तोटा हाच की एकदा भाजला की बसला. त्यामुळे प्रत्येक थर म्हणजे एक छोटा निकाल असतो, ओव्हनचं दार लावायच्या आधी पाचही पार्ट दिव्याखाली फिरवून फिरवून बघायचे.

थर किती, तर वीस-पंचवीस सहज. प्रत्येक थर इतका पातळ की लावल्यावर काही झालंय असंही वाटत नाही. जाड एकच थर दिला तर रंगवलेलं प्लॅस्टिक दिसतं, पातळ वीस दिले तर कातडीच्या आतून रंग आल्यासारखा दिसतो, त्याला दुसरा उपाय नाही. ताईच्या ओव्हनमध्ये पाच पार्ट एकदम मावत नाहीत, दोन घाण्यांत काढावे लागतात. आता तुम्हीच हिशोब करा, पंचवीस थर, दोन घाणे, आठ मिनिटं, म्हणजे ४०० मिनिटं, साडेसहा तासांच्या वर तर नुसता टायमर वाजतोय, त्यात दर वेळी पार्ट गार व्हायची वाट बघणं धरलेलंच नाही. गरम असताना व्हिनाइल मऊ पडतं, उचलताना बोट जरा दाबलं गेलं की गालाला खड्डा, टेकवलेली बाजू चपटी होऊ नये म्हणून खाली जुन्या टॉवेलची गुंडाळी ठेवायची. ओव्हन गॅरेजमध्ये, फक्त बाहुल्यांसाठीचा, त्यात जेवण कधीच नाही, आणि वास कोंडू नये म्हणून भर थंडीत दार किलकिलं उघडं. जिजाजी त्या थंडीवरून रोज एकदा तरी बोलायचे.

त्यात मला खोलीत शाल पांघरून यायला बंदी. रंग ओला राहतो ना, त्यामुळे हवेतला प्रत्येक तंतू त्यावर येऊन बसतो, आणि बसलेला भाजला की बाळाच्या गालावर कायमचा लोकरीचा केस. ताई सुती कपड्यात, वर सुती एप्रन, आणि हातात बारीक चिमटा. प्रत्येक थरानंतर ती नुसती कचरा वेचायलाच इतका वेळ घालवायची की बघणाऱ्याला वाटावं हिने आज काही केलंच नाही.

आता सावळ्या रंगाचं. रीबॉर्नचं जे काही शिकवणं चालतं ते बरंचसं गोऱ्या बाळावर चालतं, तयार मिसळलेले रंगही त्याच हिशोबाचे जास्त. आपलं बाळ रंगवायचं म्हणजे फिकट व्हिनाइलवर तपकिरी चढवत जायचं, आणि नुसतं तपकिरी चढवलं की मातकट, मेलेलं दिसतं. आपलं नवजात बाळ पहिल्या आठवड्यात मुळात सावळं दिसतच नाही, लालसर तांबूस दिसतं, गडद असतात त्या कडा. आपल्याकडे घरातल्या बायका कानाच्या पाळीची कड आणि नखांच्या मुळाशी बघून बाळ पुढे कोणत्या रंगावर जाणार ते सांगतात की नाही, ताईने तेच धरलं. सुनेने दिलेला नातवाचा पहिल्या आठवड्यातला फोटो समोर लावला, कानाच्या कडा, नखांची मुळं, बोटांचे पेर, गुडघे, कोपरं गडद, आणि अंगाचा रंग तांब्याकडे झुकणारा. शिवाय तळहात आणि तळपाय फिकट हवेत. ते फिकट कसे राहणार, तर प्रत्येक थराला सगळा हात रंगवायचा आणि भाजायच्या आधी तळहातावरचा रंग पुसून काढायचा, पण कड दिसता कामा नये, म्हणजे बोटांच्या बाजूंना रंग हळूहळू विरत जायला हवा. दोन तळहात, दोन तळवे, वीस बोटं, वीस-पंचवीस वेळा. यूट्यूबवर हे कोणी दाखवत नाही कारण बघणारा झोपेल.

कमरेवरचा निळसर डाग, जो आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना जन्मतः असतो, तो करायचा का असं मी विचारलं. धड कापडाचं आहे म्हणाली. सुटलो.

मधले थर जरा मजेचे असतात. समुद्री स्पंजचा तुकडा फाडून त्याने ठिपक्या ठिपक्यांचा जांभळट-लाल पोत उठवायचा, थंडीत बाळाच्या मांडीवर जसं जाळं दिसतं तसा. कपाळाच्या बाजूला आणि हातांवर निळसर हिरव्या शिरा काढायच्या आणि मग त्या इतक्या टिपून घ्यायच्या की आहेत की नाहीत असं वाटावं. पापण्यांवर बारीक लाल रेषा. नाकावर दुधाचे पांढरे बारीक ठिपके. इथे हात वेगवेगळं काहीतरी करतो म्हणून ताई गुणगुणत असायची. कंटाळवाणं होतं ते अंगभर सारखा हात फिरवणं, आणि तिथेच घोळ झाला.

उजवा पाय

साधारण दोन तृतीयांश थर झाले असतील. तिकडे थंडीत साडेचार-पाचला अंधार पडतो, त्यामुळे रंग खऱ्या उजेडात बघायला दुपारचे थोडेसेच तास मिळतात, बाकी सगळं दिव्याखाली. त्या दिवशी बर्फ पडून ऊन आलेलं, म्हणजे खिडकीत लख्ख पांढरा उजेड, आणि ताईने पाचही पार्ट खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडले. मला काही दिसलं नाही. ती मात्र गप्प झाली, मग एकेक पार्ट उचलून गालाशी धरून बघायला लागली. उजवा पाय बाकीच्यांपेक्षा गडद होता आणि नुसता गडद नाही, करडट. डावा पाय किंचित. हात आणि डोकं बरोबर.

आता हे कशामुळे हे तिने ज्या पद्धतीने शोधलं ते मला फार आवडलं. तिने रंगाच्या वहीत बघितलं, प्रत्येक थरात काय मिसळलं ते ती लिहून ठेवते, त्यात चूक नव्हती. ओव्हन सारखाच. मग तिने मला विचारलं, "मी सुरुवात कुठून करते गं?" दर वेळी डोक्यापासून. डोकं, डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. कायम. कोणीही तसंच करेल, डोकं महत्त्वाचं, ते ताज्या हाताने. पण प्लेटमध्ये रंग थिनरने पातळ केलेला असतो आणि थिनर उडत राहतं, रंग मात्र तिथेच. म्हणजे डोक्याला जो रंग लागला तो पातळ आणि पाऊण तासाने उजव्या पायाला लागला तो जाड, नाव तेच, मिश्रण तेच. एका थरात फरक दिसणार नाही इतका बारीक, पण तो फरक प्रत्येक थराला त्याच पायावर जाऊन बसला. त्यात हात दमलेला, स्पंज रंगाने भिजून जड झालेला, शेवटचा पार्ट उरकून टाकायची घाई. ताई म्हणाली, "माझा सगळा कंटाळा या पायावर साठलाय बघ."

मी म्हणलं होऊ दे की, पायात मोजे घालणारच आहेत. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला उठले.

पर्याय काय होते ते सांगते. पाय पूर्ण सोलून काढणं, म्हणजे रसायन लावून भाजलेला रंग उतरवायचा, पण त्याने व्हिनाइलचा पोत जाऊ शकतो आणि मुख्य म्हणजे मग तो पाय एकटा शून्यापासून वर आणायचा, बाकीच्यांशी जुळवत. नवीन पाय मागवणं, पण हे किट ठराविक संख्येत निघालेलं, सुटा पाय मिळत नव्हता. बाकीचे चार पार्ट गडद करून पायाशी आणणं, हे सगळ्यात सोपं, कारण पारदर्शक रंगात गडद करता येतं, उजळ करता येत नाही. पण मग बाळ फोटोतल्यापेक्षा गडद आणि करडं होणार, म्हणजे एका पायाच्या चुकीसाठी अख्खं बाळ बिघडवायचं.

तिने यातलं काहीच केलं नाही. तिचा विचार असा की डोळ्याला खटकतं ते गडदपण कमी आणि करडेपण जास्त. म्हणून उजव्या पायाला तांबूस-नारिंगी रंगाचे अतिशय पातळ दोन थर, डाव्याला एक, त्याने करडेपणा मरतो. मग दोन्ही गुडघे, दोन्ही टाचा आणि बोटं नेहमीपेक्षा लालसर केली, आणि हातांच्या पेरांनाही तोच लाल थोडा, म्हणजे तो रंग अंगभर कुठे कुठे फिरलेला दिसेल, एकाच पायावर अडकलेला नाही. खऱ्या नवजात बाळाचे पाय अंगापेक्षा वेगळ्या रंगाचे असतातच, पहिले एक-दोन दिवस तर हातपाय निळसर सुद्धा दिसतात, त्यामुळे पाय थोडे वेगळे चालतात. अट एवढीच की दोन्ही पाय एकमेकांसारखे हवेत.

आणि पुढच्या थरांना क्रम फिरता. एका थराला डोक्यापासून, पुढच्याला डाव्या हातापासून, मग उजव्या, असं. वहीत त्याचाही रकाना केला. रंग प्लेटमध्ये न पसरता झाकणाच्या छोट्या डबीत, एका थराला पुरेल इतकाच, आणि स्पंज प्रत्येक पार्टला नवा. कंटाळा काय कमी होत नाही हो याने, उलट वहीचं काम वाढलं. पण तो पाचही पार्टवर सारखा वाटला जातो आणि सारखा वाटला गेला की दिसत नाही.

हे बघताना मला पेणचे गणपतीचे कारखाने आठवत होते. तिथे अंगाचा रंग मारणारे हात वेगळे, दागिने आणि सोवळं रंगवणारे वेगळे आणि डोळ्यांची आखणी करणारा कसबी माणूस वेगळा, त्याच्यापुढे मूर्ती येते ती बाकीचं सगळं होऊन, त्याचा हात त्याच एका कामासाठी राखून ठेवलेला. इथे अंगाचा रंग मारून मारून ज्या हाताला पेटके आलेत त्याच हाताने भुवईचा एकेक केस काढायचा असतो. ताई म्हणूनच भुवया नेहमी सकाळी काढते, आणि त्या दिवशी दुसरं काहीही करत नाही. भुवई फसली की चेहरा फसला.

जावळ

रंग संपला की लोकांना वाटतं झालं. नाही. आता केस, आणि या कामाला मात्र काही इलाज नाही, ते सरळ सरळ तीस-चाळीस तास घेतं.

केस मोहेरचे, म्हणजे अंगोरा जातीच्या शेळ्यांचे, फार मऊ. सुई फेल्टिंगची, म्हणजे लोकर टोचून टोचून घट्ट करायची, टोकाशी बारीक दाते असलेली, जितका गेज म्हणजे सुईचा नंबर जास्त तितकी बारीक, ताई ४२ आणि ४३ वापरते. डोक्याचं व्हिनाइल हेअर ड्रायरने कोमट करून मऊ करायचं, एक केस, फार तर दोन, सुईच्या टोकावर धरायचा आणि आत टोचायचा. दाते त्याला आत ओढतात. मग पुढचा. मग पुढचा. सुई जवळजवळ आडवी धरायची, उभी टोचली तर केस साळिंदरासारखे उभे राहतात. सुया मोडतात, कधी टोक आतच राहतं, ते हलवून काढायला लागतं, म्हाताऱ्या माणसाच्या हातात जाणारी वस्तू आहे. बोटं टोचून टोचून चाळणी. एका बैठकीत जेवढं होतं ते तळहाताने झाकलं जाईल एवढंसं.

शिवाय दिशा. केस भोवऱ्यातून निघतात आणि गोल फिरत खाली येतात, कपाळावर पुढे, कानामागे खाली, मानेवर परत वेगळे वळतात. भोवरा चुकला तर टोप घातल्यासारखं दिसतं. ताई आधी पाण्याने पुसल्या जाणाऱ्या पेन्सिलीने डोक्यावर बाण काढून घेते, मी तो नकाशा बघून म्हणलं हवामान खात्याचा वाटतोय.

पण खरा जाच काळ्या रंगाचा. सोनेरी किंवा पिंगट केस असले की टोचलेल्या भोकाचा ठिपका दिसत नाही, जरा ओळ झाली तरी खपून जातं. सावळ्या तांबूस डोक्यावर काळा केस म्हणजे प्रत्येक भोक एक काळा ठिपका, आणि तीन भोकं एका रेषेत आली तरी डोळा ती रेषा पकडतो. त्यामुळे मुद्दाम वेडंवाकडं टोचावं लागतं, आणि मुद्दाम वेडंवाकडं हे माणसाच्या हाताला सगळ्यात कठीण, दमला की तो आपोआप रांगेत जातो. हे मी तासन्तास बघितलंय, पहिल्या तासात टोचलेला भाग आणि तिसऱ्या तासातला भाग दुरून ओळखता यायचा. पायाचाच धडा इथे लावला तिने. एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूपर्यंत जायचं सोडलं, भोवरा आणि कपाळाची कड ताज्या हाताने, थकल्यावरचा वेळ मागच्या बाजूला, जिथे बाळ टेकतं आणि खऱ्या बाळाचेही केस घासून विरळ होतात. म्हणजे दमलेल्या हाताचं काम दमल्यासारखं दिसायला जिथे मुभा आहे तिथेच ढकललं. टाळूवर मात्र अगदी विरळ आणि आखूड. कपाळाच्या कडेला काळ्याऐवजी गडद तपकिरी केस, म्हणजे रंग एकदम सुरू होत नाही.

केस रंगवून पण काढता येतात, बारीक ब्रशने, आणि चांगले काढले तर सुरेख दिसतात, वेळही कमी. ताईने सुनेला ते आधी सुचवलं होतं. सून म्हणाली आजी डोक्यावरून हात फिरवणार. मग विषय संपला. उलट हात फिरवणार, ओढणार म्हणून डोक्याच्या आतून दुप्पट गोंद, सगळ्या मुळांवर, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

बाकीचं भरभर सांगते. नखांना गुलाबी, कडेला पांढुरकी रेघ, वर चमक. ओठांना किंचित ओलेपणा, बाकी अंगाला एक बारीक चमकसुद्धा नको, कारण बाहुली ओळखू येते ती चमकेमुळे, तर मॅट वॉर्निशचा थर, स्पंजने ठोकून ठोकून, म्हणजे रंध्रांसारखा पोत येतो. हा थर अर्थात केसांच्या आधीच भाजून घेतलेला. हातापायांत आणि डोक्यात बारीक काचेचे मणी, घट्ट शिवलेल्या पिशवीत, बाकी कापूस, कारण शिवण उसवली आणि मणी आजींच्या हातात आले तर काय घ्या. नेहमी ताई बाळ अडीच-तीन किलोचं करते, खऱ्यासारखं. हे दीडच्या आसपास ठेवलं, आजींच्या मनगटात ताकद नाही. डोकं मात्र प्रमाणात जड, म्हणजे हात आपोआप मानेखाली जातो. हातपाय धडाला केबल टायने आवळले, टायची टोकं कापून आत वळवली.

पैशांचं विचारू नका. अशी बाळं काहीशे डॉलरपासून हजाराच्या वरपर्यंत जातात, पण तासांनी भागलं तर ताईला शेजारच्या दुकानात काउंटरवर उभं राहून जास्त मिळाले असते. तिला ते माहीत आहे. केसांचे तास ती आता वेगळे लावते, आणि रंगवलेले केस हवे असतील तर किंमत खाली, म्हणजे गिऱ्हाईकच ठरवतं.

बाळाबरोबर एक कागद दिला. उन्हात ठेवू नका. गडद नवीन कपडे धुतल्याशिवाय घालू नका, व्हिनाइल रंग पितं आणि तो परत निघत नाही. काजळ, तीट नको, तेच कारण. तेल अजिबात नको, कारण मराठी आजी आणि तान्हं बाळ म्हटलं की टाळूवर तेल आलंच, आणि मोहेरला तेल लागलं की चिकट गुंता होतो, मॅट अंग चकचकीत होतं. सुनेने विचारलं मग मागितलं तर काय देऊ, ताई म्हणाली रिकामी वाटी द्या, हात फिरवणं महत्त्वाचं. आणि शेवटची सूचना, गाडीत एकटं ठेवू नका. हे थट्टेने नाही, २०१६ च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या कीन गावात पोलिसांनी असंच एक बाळ बंद गाडीत बघून काच फोडली होती, बाळ गेलंय अशा समजुतीने. बाळ नेताना सुनेने ते मांडीवर घेतलं, नवऱ्याने गाडी चालवली.

दोन दिवसांनी सुनेचा फोन आला. आजींनी पहिला दिवस नुसतं लांबून बघितलं, जेवताना एकदा विचारलं कोणाचं आहे. दुसऱ्या दिवशी आपणहून उचललं, मान बरोबर धरली, पायातले मोजे काढून दोन्ही तळवे बघितले, टोपडं काढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेवर करवादल्या, "अगं, एवढं वाढलंय, याचं जावळ कधी काढणार आहात तुम्ही लोक?"

मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती दुसऱ्या बाळाच्या डोक्यात सुई घालून बसली होती. म्हणाली, "तिला आत्ताच्या आत्ता फोन लाव, म्हणावं घरातल्या कात्र्या लपव."